लष्करातील बाजार: छावणीच्या गरजेतून घडलेला शेजार

पुणेकर ज्या भागाला ‘लष्कर’ किंवा ‘कॅम्प’ म्हणतात, त्या भागातील महात्मा गांधी रस्ता, त्याला समांतर जाणारा जनरल थिमय्या रस्ता म्हणजे जुना ईस्ट स्ट्रीट, आणि त्यांच्या आसपासच्या सेंटर स्ट्रीट, साचापीर स्ट्रीट, ताबूत स्ट्रीट, दस्तूर मेहेर रस्ता अशा गल्ल्या मिळून जी बाजारपेठ होते, ती महाराष्ट्रातील अत्यंत मिश्र वस्तीच्या बाजारपेठांपैकी एक आहे. पारशी खाणावळ, इराणी बेकरी, दाऊदी बोहऱ्यांचे लोखंडी सामानाचे दुकान, गुजराती वेफर्सवाला, सिंधी कापडविक्रेता, गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाची शिंपीकामाची पेढी आणि तमिळ भाविकांचे अम्मनचे देऊळ हे सारे येथे काही मिनिटांच्या चालीत भेटते. बाहेरून येणाऱ्याला हे वैविध्य सहज आवडते. मात्र ते कोठून आले आणि कशाच्या आधारावर टिकले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसते की, वेगवेगळ्या समाजांनी एकत्र राहावे असे ठरवून हा शेजार कोणी वसवलेला नाही. एका मोठ्या सैन्याला रोज लागणाऱ्या वस्तू आणि सेवा पुरवण्याच्या कामाची जी वाटणी झाली, तिच्यातून तो घडला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी पेशवाई संपली, आणि इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला, पेठांपासून अंतर राखून, आपली कायमची छावणी वसवली. छावणी म्हणजे केवळ बराकी नव्हेत; कवायतीची मैदाने, दारूगोळ्याची कोठारे, अधिकाऱ्यांचे बंगले, इस्पितळ, चर्च, दफनभूमी आणि या सर्वांना लागणाऱ्या मालाचा बाजार असे ते एक स्वयंपूर्ण गावच असे. पलटणीला जोडून असलेल्या लहान बाजाराला पलटणीचा बाजार म्हणत आणि संपूर्ण छावणीसाठी जो मोठा बाजार भरे त्याला सदर बाजार म्हणत. आजच्या महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात होता तो पुणे छावणीचा सदर बाजार. तेथील वजनेमापे, दारूविक्री, स्वच्छता आणि दुकानांची जागा या सर्वांवर लष्करी अधिकाऱ्यांचा अंमल असल्यामुळे या वस्तीची घडण पेठांपेक्षा मुळातच वेगळी झाली. पेठांमध्ये जातीनुसार आळ्या वसल्या आणि वाड्यांभोवती व्यवहार फिरला. लष्करात मात्र सरळ आखलेल्या रस्त्यांवर, ज्याच्याकडे पुरवण्यासारखे काही आहे, त्याला जागा मिळाली.

सैन्याच्या गरजा ठरावीक होत्या. धान्य, मांस, पाव, मद्य, घोड्यांचा चारा, कापड, कातडी सामान, धोबी, शिंपी, आचारी, वाजंत्री यांची मागणी रोजची होती आणि रोख पैसे देणारे गिऱ्हाईक हजारोंच्या संख्येने एका ठिकाणी होते. मुंबईत इंग्रजांशी आधीच व्यापारी संबंध असलेले पारशी पुरवठादार या संधीचा लाभ घेणाऱ्यांत अग्रेसर होते. रसद खात्याची कंत्राटे, विलायती माल आणि मद्य यांचा व्यापार मोठ्या प्रमाणात त्यांच्या हाती आला आणि त्यांच्या वस्तीबरोबर अग्यारी, म्हणजे अग्निमंदिर, आणि दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, हेही लष्करात स्थिरावले. मद्रासकडील फौजांबरोबर तमिळ भाषक आले, त्यांत मुदलियार कुटुंबे होती तशीच ख्रिस्ती झालेली तमिळ कुटुंबेही होती. गोव्याकडून आचारी, पाववाले, शिंपी आणि बँडमध्ये वाजवणारे वादक आले. कच्छ आणि गुजरातकडून मेमन आणि बोहरा व्यापारी आले. फाळणीनंतर यांत सिंधी आणि पंजाबी कुटुंबांची भर पडली व कापडाच्या धंद्यात त्यांनी लवकरच जम बसवला. येथे विशेष ध्यानात घेण्याची बाब अशी की, यांपैकी बहुतेक समाज एकमेकांचे स्पर्धक म्हणून आले नाहीत. एकाचा माल दुसऱ्याच्या धंद्याला लागत असे.

या पुरवठ्याच्या व्यवस्थेत महाराष्ट्रातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा वाटा मोठा होता आणि बाजाराच्या वर्णनांत तो बहुधा वगळला जातो. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, शिवाय अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत बटलर, खानसामे, मोतद्दार म्हणून काम करणाऱ्यांतही ते होते. गावगाड्यात ज्या कामांना मोल नव्हते, त्यांच्या जागी छावणीने रोख पगार दिला आणि काही प्रमाणात शिक्षणाची वाटही मोकळी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे धोरण बदलले आणि महारांना फौजेची दारे बंद झाली, तेव्हा पुण्यातील शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा उघडावीत म्हणून सरकारकडे अर्ज केले, १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले आणि पुढे १९२९ च्या पर्वतीवरील मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी राहिले. लष्करातील बाजाराचा इतिहास सांगताना केवळ केक आणि बिर्याणी यांची नावे घेऊन थांबणे अन्यायाचे आहे, ते या कारणाने.

या बाजाराला दुसरे मोठे बळ पावसाळ्याने दिले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्याचे महिने पुण्यात काढत, त्यामुळे त्या काळात सरकारी कारभार, मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती आणि त्यांच्यामागे येणारा मुंबईचा धनिक वर्ग हे सारे पुण्यात एकवटे. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाल्यानंतर ही ये-जा सोपी झाली. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांचा पुण्याशी जडलेला संबंध याच काळातला. त्यांच्या देणगीतून ससून इस्पितळ उभे राहिले आणि त्यांनीच आरंभलेले ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, १८६७ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही वास्तूंचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा होता. लाल विटांचे हे उंच मनोऱ्याचे प्रार्थनास्थळ पुणेकरांना ‘लाल देऊळ’ म्हणून परिचित आहे आणि १८६४ मध्ये वारलेल्या ससून यांचे थडगे त्याच आवारात आहे. बगदादी यहुद्यांखेरीज मराठी बोलणारे बेने इस्रायलही फौजेतील नोकऱ्यांमुळे पुण्यात आले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथ पाळून शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. त्यांचे स्वतःचे प्रार्थनास्थळ लष्कराला लागून असलेल्या रास्ता पेठेत १९२१ मध्ये उभे राहिले. एकाच धर्माच्या दोन समाजांची दोन प्रार्थनास्थळे इतक्या जवळ असणे, हे येथील वस्ती किती थरांची आहे याचे बोलके उदाहरण होय.

मराठी वाचकाला लष्कराची ओळख मुख्यतः बेकऱ्यांमुळे आणि खाणावळींमुळे असते. इराणमधील यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जी कुटुंबे मुंबई-पुण्यात आली, त्यांना ‘इराणी’ म्हणतात. त्यांत पारशांप्रमाणे झरथुष्ट्री धर्माचे लोक होते तसेच शिया मुसलमानही होते. चहाची हॉटेले आणि बेकऱ्या हे त्यांनी निवडलेले धंदे होते. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ मध्ये सुरू झाली, म्हणजे इंग्रज गेल्यानंतर. आणि तरीही श्रूझबेरी बिस्किटे व मावा केक यांमुळे ती पुण्याहून परतणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या पिशवीत जाऊन बसली. दस्तूर मेहेर रस्त्यावरील दोराबजी ही खाणावळ तिच्याहून बरीच जुनी, १८७८ ची, आणि तेथील बिर्याणी व धनसाक खाण्यासाठी पेठांतून लोक आजही जातात. धनसाक म्हणजे डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवून केलेला पदार्थ. पारशी घरांत मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवशी तो करण्याची रीत असल्यामुळे शुभकार्यात तो वर्ज्य मानतात. बाजारात मात्र तोच रविवारच्या जेवणाचे आकर्षण झाला आहे.

जुन्या पद्धतीच्या बेकरीचा खरा व्यवहार दुकानाच्या मागच्या बाजूला चालतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. विटांच्या कमानीची मोठी भट्टी आतून लाकडाने तापवतात. जाळ पुरेसा झाला की निखारे बाजूला सारून किंवा बाहेर ओढून भट्टीची फरशी पुसून घेतात आणि त्यानंतर विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवरच भाजण्याचे काम चालते. ही उष्णता तासागणिक उतरत जाते, म्हणून मालाचा क्रम तिच्यावर ठरतो: सर्वांत कडक आचेवर पाव आणि ब्रून, त्यानंतर थोड्या उतरलेल्या आचेवर केक, बिस्किटे आणि नानकटाई, आणि सरतेशेवटी उरलेल्या उबेत टोस्ट व बटर वाळवायचे. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तबके आत सरकवणारा कारागीर तापमापकाकडे पाहत नाही. पिठाची चिमूट टाकून किंवा हात भट्टीच्या तोंडाशी धरून तो आचेचा अंदाज घेतो. पहाटेचा पाव आणि चारच्या चहाबरोबरचे बिस्किट एकाच जाळावर निघते ते यामुळे. भट्टी रोज पेटती राहिली तरच हा हिशेब जमतो, एकदा पूर्ण थंड झालेली भट्टी पुन्हा तापवायला भरपूर लाकूड लागते, आणि म्हणून बेकरी हा धंदा एकट्या पदार्थावर तगत नाही. त्याला पाव घेणारी हॉटेले, टोस्ट घेणारी घरे आणि केक घेणारे प्रवासी असे सगळ्या प्रकारचे गिऱ्हाईक लागते.

शेजारच्या धंद्यांचेही असेच आहे. शिवाजी मार्केट, जे पूर्वी कॅनॉट मार्केट म्हणून ओळखले जाई आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॉथिक धाटणीत, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीत, बांधले गेले, तेथील खाटीक, कोळी आणि भाजीवाले या खाणावळींना माल देत आले. गणवेश शिवणारे शिंपी आजही लष्करात आहेत. मेजवानीचा पोशाख, पलटणीचे रंग असलेली दोरी, खांद्यावरचे बिल्ले, आणि पदकांच्या फिती ठरलेल्या अग्रक्रमाने एका पट्टीवर बसवून देणे ही त्यांची कामे, आणि यांत एका फितीचा क्रम चुकला तरी सारा पोशाख बाद होतो. दक्षिण विभागाचे लष्करी मुख्यालय पुण्यात असल्यामुळे या कामाला गिऱ्हाईक राहिले आहे. महात्मा गांधी रस्त्यावरील बुधानींच्या दुकानातील वेफर्स आणि मार्झोरिन या खाद्यगृहाच्या सज्जातून रस्त्याकडे पाहत खाल्लेली सँडविचे ही पुढच्या पिढ्यांची भर होय. तिला सैन्यापेक्षा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि सिनेमाला येणाऱ्यांनी आधार दिला.

धंद्यांनी जोडलेल्या या वस्तीत श्रद्धास्थानेही एकमेकांच्या सावलीत उभी राहिली. चार बावडी भागात कडुनिंबाच्या झाडाखाली हजरत बाबाजान या वृद्ध स्त्री फकीर अनेक वर्षे बसत असत. १९३१ मध्ये त्या वारल्या आणि त्यांचा दर्गा त्याच जागी झाला. लष्करातच वाढलेला मेरवान शेरियार इराणी हा महाविद्यालयीन तरुण १९१३ मध्ये त्यांच्या संपर्कात आला आणि पुढे मेहेरबाबा म्हणून जगभर ओळखला गेला. इराणी झरथुष्ट्री घरातील मुलगा मुसलमान फकीर स्त्रीला गुरू मानतो, ही गोष्ट लष्कराच्या गल्ल्यांत अशक्य वाटली नाही. सणांचे वर्षही येथे दाट आहे. मार्चमधील जमशेदी नवरोज आणि ऑगस्टमधील पारशी नववर्ष, मोहरमचे ताबूत, ईस्टरची अंडी, गणेशोत्सव, आणि नाताळच्या आधी प्लम केकसाठी लागणाऱ्या रांगा हे सारे एकाच दुकानदाराच्या हिशेबाच्या वहीत उतरते, कारण प्रत्येक सणाला कोणाला तरी त्याच्याकडून माल न्यायचा असतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरकडे निघतात तेव्हा त्या लष्कराच्या पुलगेटावरून जातात आणि चहा-बिस्किटे घेऊन उभ्या असणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

हे चित्र सुरेख आहे, पण त्याचा पाया कायद्याच्या दृष्टीने नाजूक आहे. छावणीतील बहुतांश जमीन केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाची असून तिचा नागरी कारभार महापालिका पाहत नाही, तर छावणी मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, पाहते. त्याचे अध्यक्षपद स्थानिक लष्करी प्रमुखाकडे असते. अनेक जुन्या मालमत्ता ‘ओल्ड ग्रँट’ या पद्धतीच्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील लष्करी हुकुमांवरून चालत आलेल्या या पद्धतीत जमीन सरकारचीच राहते, धारकाची मालकी फक्त वरच्या बांधकामावर असते, बांधकामाची भरपाई देऊन सरकार ती जागा परत घेऊ शकते, आणि संमतीशिवाय विक्री किंवा बदल करता येत नाही. याचा एक परिणाम चांगला झाला: पेठांमध्ये वाडे पडून इमारती उठल्या त्या वेगाने लष्करात उठल्या नाहीत, रस्त्यांची ठेवण आणि दुकानांचे दर्शनी भाग पुष्कळ अंशी टिकले. दुसरा परिणाम वाईट झाला: दुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज मिळणे अवघड, वारसांमध्ये हस्तांतर अवघड, आणि म्हणून छप्पर गळत असलेली दुकाने व कार्यशाळा तशाच चालू राहिल्या. मार्च २०२१ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने प्रथम शिवाजी मार्केटला आणि नंतर फॅशन स्ट्रीट या कपड्यांच्या बाजाराला आग लागली, शेकडो गाळे जळाले, आणि दाटीने उभ्या राहिलेल्या बाजाराची जोखीम सर्वांना दिसली.

महसुलाची बाजूही बिकट आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा छावणी मंडळाचा वाहन प्रवेश कर बंद झाला आणि उत्पन्नाचा एक मोठा स्रोत आटला. बाजारही बदलतो आहे. मॅनीज हे पुण्यातील पुस्तकप्रेमींचे आवडते दुकान २०१२ मध्ये बंद झाले, काही इराणी हॉटेले मिटली, आणि खरेदीचा ओघ मॉलकडे व मोबाइलकडे वळला. ज्यांनी तग धरला त्यांच्यापुढे वेगळ्याच अडचणी आहेत. १९९२ पासून ‘बर्गर किंग’ या नावाने चालणाऱ्या लष्करातील एका खाद्यगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने दावा लावला. पुण्याच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्थानिक खाद्यगृहाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय होईपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील बेकऱ्यांना लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्यास मुदत घालून दिली. तो आदेश मुंबईपुरता असला तरी भट्टीवर चालणाऱ्या पुण्यातील बेकऱ्यांना त्याची दिशा कळते. हवा स्वच्छ हवी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण उतरत्या आचेवर बसवलेला मालाचा सारा क्रम वायूच्या किंवा विजेच्या भट्टीत नव्याने बसवावा लागतो, आणि त्यासाठी लहान धंद्याला वेळ आणि भांडवल दोन्ही लागतात.

छावण्यांचे नागरी भाग वेगळे करून शेजारच्या महापालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने अलीकडे स्वीकारले आहे आणि पुण्याच्या लष्कराचाही त्यात विचार चालू आहे. विलीनीकरण झाल्यास दुरुस्तीची परवानगी, पाणी, रस्ते आणि कर्ज यांची वाट सोपी होऊ शकेल. त्याचबरोबर चटईक्षेत्र वाढले की जमिनीचा भाव इतका चढेल की भट्टी, शिंप्याची खोली आणि पन्नास वर्षांचा भाडेकरू यांना तेथे राहणे परवडणार नाही, हा धोकाही उघड आहे. वारसा म्हणून चर्च, सिनेगॉग आणि मार्केट यांची नोंद करणे सोपे असते. या बाजाराचा वारसा मात्र दुकानामागच्या कार्यशाळांत आणि त्यांच्या भाडेकरारांत आहे, म्हणून विकास आराखडा करणाऱ्यांनी इमारतींच्या यादीबरोबर चालू धंद्यांची यादी करावी, जुन्या भाडेकरूंना पुनर्बांधणीत त्याच जागी गाळा देण्याची अट घालावी आणि बेकऱ्यांच्या इंधनबदलासाठी साहाय्य द्यावे. हे ठरवण्याच्या बैठकीत दुकानदार आणि कारागीर यांना प्रत्यक्ष जागा मिळणे निकडीचे आहे, कारण छावणी मंडळातील लोकनियुक्त सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेली निवडणूक होण्याआधीच रद्द करण्यात आली.